विस्तृत कथासृष्टी आणि वाचनक्रमाचा प्रश्न : असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ मालेच्या संदर्भात

१

एखाद्या कादंबरीच्या वाचनास आरंभ कोठून करावा, हा प्रश्न सामान्यतः कोणी विचारीत नाही. पहिले पान हेच त्याचे उत्तर असते. कादंबऱ्यांची माला असली तरी बहुधा अडचण येत नाही. भालचंद्र नेमाडे यांचे चांगदेव चतुष्टय १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झाले आणि ज्या क्रमाने चांगदेवाचे आयुष्य पुढे सरकते त्याच क्रमाने ते वाचकाच्या हाती आले. तेथे प्रकाशनाचा क्रम आणि कथेतील काळाचा क्रम एकमेकांशी भांडत नाहीत. परंतु जेव्हा एकच लेखक पन्नासेक वर्षे एका कल्पित विश्वात वावरत राहतो, मधूनच मागे वळून त्या विश्वाचा पूर्वेतिहास लिहितो आणि मुळात स्वतंत्र असलेल्या दोन-तीन माला उत्तरायुष्यात एकत्र जोडतो, तेव्हा ‘प्रथम काय वाचावे’ हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. तो अर्थनिर्णयाचा प्रश्न बनतो.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न सर्वस्वी परका नाही. ‘लीळाचरित्रा’तील लीळांची मांडणी किंवा तुकारामांच्या गाथेतील अभंगांचा क्रम यांविषयी आपल्याकडे चर्चा झालेल्या आहेत. गाथेच्या प्रतींत अभंगांचा अनुक्रम एकसारखा नाही आणि जो क्रम आपण स्वीकारू त्यानुसार तुकारामांच्या मनोविकासाचे चित्र बदलते, हे आपण जाणतो. मात्र तेथे प्रश्न संपादकापुढे असतो. विस्तृत विज्ञानकथामालेच्या बाबतीत संपादकाची जागा वाचकाला घ्यावी लागते. ग्रंथ निश्चित आहेत, त्यांची संहिताही बहुतांशी निश्चित आहे, परंतु त्यांचा अनुक्रम ज्याचा त्याने ठरवावयाचा आहे.

प्रस्तुत लेखात आयझॅक असिमोव्ह (१९२०–१९९२) यांच्या ‘फाउंडेशन’ मालेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मराठीत विज्ञानकथा मुख्यतः स्वतंत्र कथेच्या रूपाने वाढली. जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ (१९७४) ही आरंभीची कथाही आपल्यापुरती पूर्ण आहे. त्यामुळे या प्रकारच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला पंधरा ग्रंथांत पसरलेल्या कथासृष्टीत वाट कशी काढावी याचा सराव नसतो. तो बहुधा मुखपृष्ठावरील यादीवर किंवा ग्रंथालयात जे मिळेल त्यावर भिस्त ठेवतो. त्याने काय गमावले जाते आणि प्रबंधलेखनात कोणती चूक त्यातून उद्भवते, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

येथे एक पथ्य पाळले आहे. मालेतील उत्तरकालीन ग्रंथांत जी रहस्ये उलगडतात त्यांचा केवळ स्थाननिर्देश केला आहे, उलगडा दिलेला नाही. पहिल्या पुस्तकाच्या आरंभीचे एक रहस्य मात्र विवेचनासाठी सांगणे अपरिहार्य आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आकाशगंगाव्यापी साम्राज्य कोसळणार आहे हे हॅरी सेल्डन नावाचा गणितज्ञ ‘सायकोहिस्टरी’ या समूहमनाच्या गणिताने जाणतो आणि तीस हजार वर्षांचे भावी अंधारयुग एक हजार वर्षांवर आणण्यासाठी विश्वाच्या कडेला एका वसाहतीची, म्हणजे फाउंडेशनची, योजना करतो. या कल्पनेचा उगम १ ऑगस्ट १९४१ रोजी ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाचे संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्बेल यांच्याशी झालेल्या भेटीत आहे. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास असिमोव्ह यांच्या डोळ्यांसमोर होता. मे १९४२ ते जानेवारी १९५० या काळात या मालेतील आठ कथा त्या मासिकात आल्या. नंतर ‘फाउंडेशन’ (१९५१), ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ (१९५२) आणि ‘सेकंड फाउंडेशन’ (१९५३) या तीन ग्रंथांत त्यांचे संकलन झाले. १९६६ साली सर्वकालीन सर्वोत्कृष्ट माला म्हणून या ग्रंथत्रयीला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

याच सुमारास असिमोव्ह आणखी दोन स्वतंत्र मार्गांनी लिहीत होते. यंत्रमानवांच्या कथा १९४० पासून प्रसिद्ध होत होत्या व त्यांतील निवडक कथा ‘आय, रोबोट’ (१९५०) मध्ये आल्या. ‘द केव्हज ऑफ स्टील’ (१९५४) आणि ‘द नेकेड सन’ (१९५७) या कादंबऱ्यांत पृथ्वीवरील एक गुप्तहेर आणि त्याचा यंत्रमानव सहकारी ही जोडी आहे. दुसरा मार्ग ‘पेबल इन द स्काय’ (१९५०), ‘द स्टार्स, लाइक डस्ट’ (१९५१) आणि ‘द करंट्स ऑफ स्पेस’ (१९५२) या कादंबऱ्यांचा. त्यांत आकाशगंगीय साम्राज्याचा पूर्वकाळ आणि ऐन भराचा काळ येतो. मूळ त्रयीत यंत्रमानव नाहीत आणि यंत्रमानवांच्या कथांत फाउंडेशन नाही.

जवळजवळ तीस वर्षांच्या खंडानंतर ‘फाउंडेशन्स एज’ (१९८२) ही कादंबरी आली आणि १९८३ चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. त्यापाठोपाठ ‘द रोबोट्स ऑफ डॉन’ (१९८३), ‘रोबोट्स अँड एम्पायर’ (१९८५), ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६), ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ (१९८८) आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेली ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ (१९९३) या कादंबऱ्या आल्या. यांतून तिन्ही मार्ग एका सुमारे वीस हजार वर्षांच्या भावी इतिहासात विलीन झाले. पुढे ग्रेगरी बेनफर्ड, ग्रेग बेअर आणि डेव्हिड ब्रिन यांनी १९९७, १९९८ आणि १९९९ मध्ये प्रत्येकी एक कादंबरी लिहून मालेत भर घातली. २०२१ पासून दूरचित्रमालेच्या द्वारेही अनेक वाचक या विश्वाकडे येऊ लागले आहेत, परंतु त्या मालेचे कथानक ग्रंथांपासून बरेच दूर गेलेले आहे. ग्रंथवाचनाचा क्रम ठरविताना तिचा आधार घेता येत नाही.

३

या सामग्रीपुढे उभ्या राहणाऱ्या वाचकाला दोन क्रम सहज सुचतात. एक प्रकाशनक्रम, दुसरा कथाकालक्रम. रशियन रूपवाद्यांनी घटनांचा मूळ अनुक्रम आणि त्यांची कथनातील मांडणी यांत जो भेद केला तो एका कृतीच्या आतला होता. येथे तोच भेद अनेक कृतींच्या दरम्यान दिसतो.

कथाकालक्रमाला स्वतः लेखकाचाच पाठिंबा आहे असे म्हटले जाते. ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’च्या आरंभी असिमोव्ह यांनी तोवरच्या चौदा ग्रंथांची भावी इतिहासाच्या क्रमाने यादी दिली आहे आणि हे ग्रंथ ज्या क्रमाने वाचावेत त्या क्रमाने ते लिहिले गेले नाहीत, अशा आशयाचे निवेदन केले आहे. पण त्या निवेदनात त्यांनी ‘कदाचित’ या अर्थाचा शब्द योजलेला आहे, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. शिवाय ती यादीही निर्दोष नाही. तीत ‘द करंट्स ऑफ स्पेस’ आधी आणि ‘द स्टार्स, लाइक डस्ट’ नंतर आहे. वस्तुतः पहिलीत ट्रँटॉरची सत्ता अर्ध्या आकाशगंगेवर पसरलेली आहे आणि दुसरीत ट्रँटॉरच्या साम्राज्याचा मागमूसही नाही. अंतर्गत पुराव्यानुसार क्रम उलटा हवा. लेखकाने दिलेला अनुक्रम हा देखील एक वाचनच आहे. त्याला पुराव्याची कसोटी लावावी लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रकाशनक्रम हा जितका स्वच्छ वाटतो तितका तोही नाही. १९५१ च्या ‘फाउंडेशन’ या ग्रंथाचीच रचना पाहावी. त्यात पाच भाग आहेत. दुसरा भाग मे १९४२ च्या अंकातील कथा आहे, तिसरा जून १९४२ च्या अंकातील. चौथा भाग ऑक्टोबर १९४४ चा, तर पाचवा ऑगस्ट १९४४ चा आहे. म्हणजे येथे मासिकातला क्रम उलटवलेला आहे. आणि पहिला भाग, ज्यात तरुण गणितज्ञ गाल डॉर्निक ट्रँटॉरला येतो आणि सेल्डनला प्रत्यक्ष भेटतो, तो ग्रंथासाठी सर्वांत शेवटी लिहिला गेला. पुस्तकाचे पहिले पान हे त्रयीतील सर्वांत उशिरा लिहिलेल्या कथेचे पहिले पान आहे.

या एका बदलाने वाचकाच्या ज्ञानात किती फरक पडतो ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या भागातील टर्मिनस ग्रहावरील विद्वान एका महाकोशाच्या कामात गढलेले आहेत. पन्नास वर्षांनी सेल्डनची ध्वनिचित्रित प्रतिमा त्यांच्यापुढे प्रकटते आणि महाकोश हे निव्वळ निमित्त होते, वसाहतीचा खरा हेतू वेगळा होता, असे सांगते. १९४२ च्या वाचकाला हा धक्का त्या विद्वानांबरोबरच बसला असणार. १९५१ च्या वाचकाने मात्र पहिल्या भागात सेल्डनला आपल्या हद्दपारीचीही योजना आखताना पाहिलेले असते. त्याला धक्क्याऐवजी उपरोधाचा अनुभव येतो, कारण टर्मिनसवरील विद्वान फसवले जात आहेत याचा अंदाज त्याला त्यांच्याआधी आलेला असतो. दोन्ही अनुभव वाङ्मयीन दृष्ट्या मोलाचे आहेत, पण ते एक नव्हेत. आणि ज्याने एक घेतला त्याला दुसरा पुन्हा प्रथम वाचनाच्या ताजेपणाने घेता येत नाही.

४

वरील उदाहरणातून वाचनक्रमाचे मर्म हाती लागते. क्रम बदलला की घटना बदलत नाहीत, वाचकाच्या जाणण्या-न जाणण्याची वाटणी बदलते. प्रत्येक ग्रंथ आपला वाचक काय जाणतो आणि काय जाणत नाही याविषयी काही गृहीत धरून लिहिलेला असतो. म्हणून क्रम ठरविताना प्रत्येक ग्रंथाला दोन प्रश्न विचारावेत. एक, हा ग्रंथ वाचकाच्या ठायी कोणते पूर्वज्ञान गृहीत धरतो? दोन, हा ग्रंथ दुसऱ्या कोणत्या ग्रंथाचे रहस्य उघड करतो? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आलेला ग्रंथ आधी वाचावयाचा, दुसऱ्याच्या उत्तरात आलेलाही आधीच वाचावयाचा. सोयीसाठी यास आपण पूर्वज्ञानाची कसोटी म्हणू.

ही कसोटी ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ला लावून पाहू. कथाकालानुसार ही कादंबरी मूळ त्रयीच्या आधी येते. तिच्या शेवटी एका पात्राची खरी ओळख वाचकाला कळते. ही ओळख ज्याला काही सांगून जाईल त्याने यंत्रमानवांच्या कादंबऱ्या वाचलेल्या असावयास हव्यात, एरवी ते केवळ एक नाव राहते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की ‘फाउंडेशन अँड अर्थ’चा शेवट ज्या भेटीवर उभा आहे तिचा परिणाम ‘प्रील्यूड’ आधी वाचल्याने बोथट होतो. शिवाय मूळ त्रयीतील सेल्डनचा दरारा हा त्याच्या दूरत्वाचा आहे. पहिल्या भागानंतर तो कधीच जिवंत भेटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोटल्यावर एका बंद दालनात त्याची प्रतिमा बोलते आणि माणसे श्रद्धेने ऐकतात. ज्याने त्याला आधी ‘प्रील्यूड’मध्ये भांबावलेल्या, पळणाऱ्या, प्रेमात पडणाऱ्या तरुणाच्या रूपात पाहिले, त्याच्यासाठी त्या प्रतिमेभोवतीचे वलय आधीच फिके झालेले असते. १९८८ ची कादंबरी ही १९५१ च्या दंतकथेमागचा माणूस दाखविण्यासाठी लिहिलेली आहे. दंतकथा ठाऊक नसताना तिच्यामागचा माणूस पाहण्यात फारसे स्वारस्य उरत नाही.

आता उलट उदाहरण घेऊ. ‘फाउंडेशन अँड अर्थ’मध्ये तिघे प्रवासी विस्मृतीत गेलेल्या पृथ्वीच्या शोधात निघतात आणि काही ओसाड, काही भयावह रीतीने बदललेल्या ग्रहांवर उतरतात. ते ग्रह कोणते होते, तेथे एके काळी कोण राहत होते, हे त्यांना ठाऊक नाही. परंतु ज्याने ‘द नेकेड सन’ आणि ‘द रोबोट्स ऑफ डॉन’ वाचलेल्या आहेत त्याने हेच ग्रह भरभराटीत पाहिलेले असतात. पात्रांना जे भग्नावशेष वाटतात ते वाचकाला ओळखीचे घर वाटते. हजारो वर्षांच्या लयाची जी जाणीव येथे होते ती वाचकाच्या पूर्वज्ञानातून येते, निवेदकाने ती शब्दांत मांडण्याची गरजच पडत नाही. येथे वाचकाचे अज्ञान हे संपत्ती नसून उणीव ठरते. म्हणून ‘शक्य तितके कमी जाणून वाचावे’ असा सरसकट नियम करता येत नाही.

या कसोटीतून एक निष्कर्ष आपोआप निघतो. १९८२ पूर्वीचे तीन गट परस्परांविषयी जवळजवळ काहीच गृहीत धरीत नाहीत. फाउंडेशनची त्रयी, यंत्रमानवांच्या कथा व दोन कादंबऱ्या आणि साम्राज्याच्या तीन कादंबऱ्या, यांपैकी कोणत्याही गटाने आरंभ केला तरी काही बिघडत नाही. व्यक्तिगत आवडीला येथे पूर्ण वाव आहे. ज्याला हेरकथा प्रिय आहे त्याने ‘द केव्हज ऑफ स्टील’पासून सुरुवात करावी, ज्याला इतिहासमीमांसेत रस आहे त्याने ‘फाउंडेशन’पासून. १९८२ नंतरचे ग्रंथ मात्र मागच्या सर्वांचे ऋण घेऊन उभे आहेत. तेथे वाचकाचे स्वातंत्र्य आकसते.

५

कथाकालक्रमाविरुद्ध आणखी एक आक्षेप आहे आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तो अधिक गंभीर आहे. तो रसास्वादाचा नसून सत्यासत्याचा आहे.

‘पेबल इन द स्काय’मध्ये पृथ्वी किरणोत्सारी झालेली आहे. १९५० साली, हिरोशिमाला पाच वर्षेही पूर्ण झालेली नसताना, या प्रतिमेचा अर्थ वाचकाला कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. अणुयुद्धाची भीती त्या कल्पनेच्या मुळाशी आहे. पस्तीस वर्षांनी ‘रोबोट्स अँड एम्पायर’मध्ये याच किरणोत्साराला एक सर्वस्वी वेगळे कारण दिले गेले. जो विद्यार्थी कथाकालक्रमाने वाचतो तो १९८५ चे कारण आधी वाचतो आणि १९५० ची कादंबरी त्याचा परिणाम म्हणून वाचतो. मग त्याच्या प्रबंधात ‘असिमोव्ह यांनी आरंभापासूनच या सूत्राची बीजे पेरली होती’ अशा धर्तीचे वाक्य येते. वाक्य डौलदार आहे, पण खोटे आहे. बीज नंतर लिहिले गेले आणि झाड आधी उगवले होते. शिवाय अणुयुगाच्या आरंभीच्या एका कादंबरीचा तिच्या काळाशी असलेला संबंध या वाक्याने पुसला जातो.

तीच गोष्ट यंत्रमानवांच्या अनुपस्थितीची. मूळ त्रयीत यंत्रमानव नाहीत याला १९५१ साली काही अर्थ नव्हता. ती वेगळी माला होती, एवढेच. १९८० नंतरच्या कादंबऱ्यांनी त्या अनुपस्थितीला कारण पुरविले आणि ती सूचक केली. कथाकालक्रमाने येणारा वाचक ‘यंत्रमानव गेले कोठे?’ हा प्रश्न घेऊन त्रयीत शिरतो आणि त्रयी ज्या प्रश्नाविषयी बोलतच नाही त्याचे उत्तर तीत शोधत बसतो. यंत्रसामग्रीचीही अशीच गफलत होते. १९८२ च्या कादंबरीत नायक हाताच्या स्पर्शाने यानाच्या संगणकाशी एकरूप होतो; १९५१ च्या ग्रंथात सेल्डन हाती धरावयाच्या गणकपाटीवर आकडेमोड करतो. हा लेखनकाळाचा फरक आहे. त्याला कथेतील प्रगती किंवा अधोगती समजणे ही चूक होय.

मालेच्या लेखनाचा इतिहासही पूर्वनियोजनाच्या कल्पनेला छेद देतो. सेल्डनची योजना विस्कटून टाकणारा ‘म्यूल’ (१९४५) हा संपादक कॅम्बेल यांच्या आग्रहातून आला. योजना अबाधित ठेवण्याकडे असिमोव्ह यांचा कल होता. प्रत्येक नव्या कथेत मागचे सर्व सांगावे लागते याचा कंटाळा येऊन त्यांनी १९५० साली माला थांबविली. ‘सेकंड फाउंडेशन’च्या उत्तरार्धाच्या आरंभी आर्केडी ही शाळकरी मुलगी सेल्डन-योजनेवर निबंध लिहिते. ही युक्ती मासिकाच्या वाचकाला मागचा धागा देण्यासाठी आहे. सलग तीन पुस्तके वाचणाऱ्याला ती पुनरुक्ती वाटते. मासिकात त्या निबंधाची गरज होती. १९८२ ची कादंबरी लिहिण्यापूर्वी असिमोव्ह यांनी स्वतःची त्रयी पुन्हा वाचली आणि तीत घटना फारशा नाहीत, बहुतांशी संभाषणेच आहेत, हे त्यांना जाणवले. तरीही त्यांनी त्याच विश्वात पुन्हा लिहिले. योजनेविषयीची माला स्वतः योजनेवाचून वाढली, हा तिच्यातील विरोधाभास कथाकालक्रमाने वाचणाऱ्याच्या दृष्टीस पडण्याचा संभवच कमी.

६

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. येथे तीन प्रयोजने वेगळी करावी लागतात.

प्रथम वाचनासाठी पुढील क्रम सुचविता येईल. पहिला टप्पा ‘फाउंडेशन’, ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ आणि ‘सेकंड फाउंडेशन’. दुसरा टप्पा ‘आय, रोबोट’, ‘द केव्हज ऑफ स्टील’ आणि ‘द नेकेड सन’. तिसरा ‘पेबल इन द स्काय’. साम्राज्याच्या उरलेल्या दोन कादंबऱ्या वेळ असल्यास. वर म्हटल्याप्रमाणे हे तीन टप्पे आपसांत अदलाबदल करण्यास हरकत नाही. चौथ्या टप्प्यात मात्र ‘फाउंडेशन्स एज’, ‘द रोबोट्स ऑफ डॉन’, ‘रोबोट्स अँड एम्पायर’ आणि ‘फाउंडेशन अँड अर्थ’ या चार कादंबऱ्या प्रकाशनक्रमानेच वाचाव्यात. पहिलीत पृथ्वीविषयी एक प्रश्न उभा राहतो, मधल्या दोहोंत पृथ्वीचा आणि तिच्या वसाहतींचा गतकाळ दिसतो आणि चौथीत आपण त्या गतकाळाच्या अवशेषांत हिंडतो. हा क्रम प्रकाशनाच्या योगायोगाने घडला असला तरी परिणामाच्या दृष्टीने याहून चांगला क्रम शोधणे कठीण आहे. पाचवा टप्पा ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ आणि ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ यांचा. इतर लेखकांच्या तीन कादंबऱ्या त्यानंतर, आणि त्याही ऐच्छिक मानाव्यात.

ज्याला एवढा वेळ नाही त्याने पहिल्या टप्प्यानंतर थांबण्यास संकोच करू नये. मूळ त्रयी सेल्डनच्या हजार वर्षांपैकी चारशे वर्षांच्याही आतच थांबते हे खरे. पण ती अपुरी नाही. महाकोशातील जी अवतरणे प्रकरणांच्या आरंभी येतात ती फाउंडेशन-संवत १०२० मधील आवृत्तीतून घेतल्याचे पहिल्याच पुस्तकात म्हटले आहे. टर्मिनस हजार वर्षांनंतरही टिकून आहे, तेथे ग्रंथ छापले जात आहेत, हे वाचकाला आरंभीच कळते. शेवट काय होणार यापेक्षा तेथवर कसे पोहोचणार यात लेखकाला अधिक रस आहे, याची ही खूणच म्हणावी लागेल.

दुसरे प्रयोजन पुनर्वाचनाचे. कथाकालक्रमाची खरी जागा येथे आहे. रहस्ये एकदा उलगडल्यावर वीस हजार वर्षांचा तो इतिहास सलग पाहण्यात स्वतंत्र आनंद आहे आणि लेखकाने जोडणी करताना कोठे सांधा बेमालूम बसविला, कोठे ठिगळ राहिले, हे तेव्हाच नीट दिसते.

तिसरे प्रयोजन संशोधनाचे. येथे लेखनक्रम, म्हणजे शक्य तेथे मासिकांतील प्रथम प्रसिद्धीचा क्रम, प्रमाण मानावा. विद्यार्थ्याने एक वही ठेवावी आणि प्रत्येक कथेपुढे तीन काळ नोंदवावेत: मासिकातील प्रसिद्धी, ग्रंथरूप आणि कथेतील काळ. ज्या ठिकाणी हे तीन काळ एकमेकांपासून फाकतात तेथेच बहुधा संशोधनाचा विषय दडलेला असतो. याच वहीत, प्रत्येक नवा ग्रंथ उघडण्यापूर्वी, आधीच्या ग्रंथांनी मनात कोणते प्रश्न ठेवले आणि आपल्या मते त्यांची उत्तरे काय असतील, हे चार ओळींत लिहून ठेवावे. वाचकाची अपेक्षा ही वाचकलक्ष्यी समीक्षेची मूळ सामग्री आहे आणि उत्तर कळल्यानंतर ती प्रामाणिकपणे आठवता येत नाही. आपल्याला हे आधीच वाटले होते असे सर्वांनाच नंतर वाटते. सहा महिन्यांनी प्रबंध लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्याला या चार ओळींची किंमत कळते.

७

अध्यापकांसाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. एखाद्या वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने ‘फाउंडेशन’ पहिल्या पानापासून, म्हणजे गाल डॉर्निकच्या आगमनापासून वाचावे. दुसऱ्या गटाने पहिला भाग सोडून टर्मिनसवरील महाकोशकारांपासून आरंभ करावा आणि वगळलेला भाग शेवटी वाचावा. मग दोन्ही गटांना एकच प्रश्न विचारावा: सेल्डन हा उपकारकर्ता की फसविणारा? उत्तरे कशी येतील याचे भाकीत येथे करण्याचे कारण नाही. मात्र जी उत्तरे येतील त्यांचा क्रमाशी असलेला संबंध वर्गातच तपासता येईल आणि संहिता तीच असूनही वाचन वेगळे कसे घडते, हे सैद्धांतिक व्याख्यानाहून अधिक नेमकेपणाने विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.

या विवेचनाचा उपयोग एका परभाषेतील मालेपुरता नाही. आपण एखाद्या मराठी लेखकाचे समग्र वाङ्मय अभ्यासतो तेव्हाही त्याची उत्तरकालीन मते, आत्मचरित्रातील खुलासे आणि नव्या आवृत्त्यांच्या प्रस्तावना बहुधा आधी वाचतो व त्यांच्या प्रकाशात पहिल्या कृतीकडे येतो. मग त्या पहिल्या कृतीत नंतरचे सर्व काही आधीपासूनच होते असे दिसू लागते. आपण काय आधी वाचले याची नोंद जो ठेवतो त्यालाच हा भास ओळखता येतो.

‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ ही असिमोव्ह यांची या मालेतील अखेरची कादंबरी. तीत सेल्डन वृद्ध होतो, जवळची माणसे एकामागून एक गमावतो आणि कथा तेथे येऊन थांबते जेथे १९५१ च्या पुस्तकाचा आरंभ होतो. सुचविलेल्या क्रमाने येथवर आलेल्या वाचकाने ते जुने पुस्तक पुन्हा हाती घ्यावे आणि फक्त पहिला भाग वाचावा. तरुण गाल डॉर्निक ट्रँटॉरला उतरतो आणि एका म्हाताऱ्या गणितज्ञाला भेटतो. प्रथम वाचनात हा म्हातारा कोण, कोठून आला, त्याने काय गमावले, यांतले काही ठाऊक नव्हते. आता सर्व ठाऊक असते आणि गालला मात्र त्यातले काहीच ठाऊक नसते. १९५१ मध्ये लिहिलेल्या त्या पानांत यांपैकी एकही गोष्ट नाही. ती वाचकाबरोबर तेथे येते, आणि ती येण्यासाठी त्याने मधले सर्व ग्रंथ योग्य वेळी वाचलेले असावे लागतात.